पंडिता रमाबाई आणि पोरक्या मुलांचा प्रश्न

गिरगांवच्या चौपाटीवर संध्याकाळीं हवा खावयास जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांपैकीं बहुतेकांस विल्सन कॉलेजची दगडी इमारत पाहून माहीत आहे. ही इमारत १८८९ सालीं पुरी झाली. त्याच सालीं ११ मार्च रोजीं, त्याच चौपाटीच्या बाजूस एका भाड्याच्या घरांत, एक अगदीं लहानशी शाळा उघडण्यांत आली. समारंभाच्या अध्यक्षस्थानीं सुप्रसिद्ध लेखिका काशीबाई कानिटकर होत्या. शाळेचें नांव शारदा सदन, आणि ती काढणाऱ्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई. त्या घराचा आज मागमूस उरलेला नाहीं. परंतु त्या घरांत जो प्रश्न प्रथम उभा राहिला तो आजहि आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरांत जिवंत आहे, म्हणून यंदाच्या अंकांत रमाबाईंचें चरित्र देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तो प्रश्न असा. ज्या मुलास आईबाप नाहींत, किंवा असून नसल्यासारखे आहेत, त्या मुलानें कोणाच्या घरीं जावें, हें कोणी ठरवावयाचें? परळ-लालबागच्या चाळींत काय आणि दादर-गिरगांवच्या बिऱ्हाडांत काय, संस्थेंतून आणिलेलें मूल पोटच्या मुलाप्रमाणें वाढतांना आतां पुष्कळांनीं पाहिलें आहे. कांहीं मुलें तर समुद्रापलीकडील घरांत जातात. अशा मुलास घर कसें मिळतें, तें कोण निवडतो, मुलास विचारतात कीं काय, असे प्रश्न पालकांच्या बोलण्यांत वारंवार येतात. आज यासाठीं कायदा आहे, नियम आहेत, कागदपत्र आहेत. रमाबाईंच्या काळीं त्यांतलें जवळजवळ कांहींच नव्हतें. त्यांना या प्रश्नाच्या प्रत्येक बाजूस स्वतः उभें राहावें लागलें: पोरकी मुलगी म्हणून, परदेशीं दुसऱ्यांच्या हातीं मूल सोपविणारी आई म्हणून, आणि अखेर शेंकडों परक्या मुलींना पदराखालीं घेणारी बाई म्हणून. 

त्यांच्या आईची गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे, कारण ती रमाबाईंनींच पुढें आपल्या इंग्रजी पुस्तकांत जगापुढें मांडिली. एक गृहस्थ कुटुंबासह यात्रेस निघाले होते. बरोबर नऊ वर्षांची मुलगी होती. एका सकाळीं नदीवर स्नान करीत असतां त्यांना एक अनोळखी विद्वान ब्राह्मण दिसला. कुळगोत्राची विचारपूस झाली, तो विधुर आहे असें कळलें, आणि दुसऱ्या दिवशीं मुलगी त्याला देऊन बापाचें कुटुंब पुढील मुक्कामास निघूनहि गेलें. मुलगी त्या माणसाबरोबर कित्येक कोस दूर गेली. तो माणूस म्हणजे अनंतशास्त्री डोंगरे. सुदैवानें तो मोठा कनवाळू निघाला. त्यानें त्या मुलीस, म्हणजे लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविलें, आणि त्यापायीं शास्त्रीमंडळींचा रोष ओढवून घेतला. परंतु तो तसा न निघता तर? बापानें एका दिवसांत काय तपासून पाहिलें होतें? रमाबाईंच्या मनांत हा प्रश्न जन्मभर घर करून राहिला असावा, असें आम्हांस वाटतें.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांत, गंगामूळ येथें झाला. शास्त्रीबोवांनीं तेथें आश्रम बांधून विद्यार्थी ठेविले होते. पुढें कर्ज झालें, आश्रम मोडला, आणि सारें कुटुंब तीर्थयात्रेस निघालें. ठिकठिकाणीं पुराण सांगावें, मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करावा, असा क्रम चालला. रमाबाईंस संस्कृत शिकविलें तें आईनें, तेंहि बहुधा पहांटे, इतर कामांस सुरुवात होण्यापूर्वीं. नंतर मद्रास इलाख्यांत दुष्काळ आला. भिक्षा मागण्याची संवय नाहीं, मजुरी करण्याचें शिक्षण नाहीं, जवळचीं भांडीं व दागिने विकून संपलेले, अशा स्थितींत १८७४ सालीं वडील वारले. थोड्याच काळांत आई गेली, पाठोपाठ थोरली बहीण गेली. उरलीं तीं दोघें, रमाबाई व त्यांचे बंधु श्रीनिवासशास्त्री. रमाबाईंचें वय त्या वेळीं सोळा-सतरा वर्षांचें होतें. आमच्या वरच्या इयत्तांतील विद्यार्थिनींनीं हें वय ध्यानांत घ्यावें. भावाबहिणींनीं कित्येक वर्षें देशभर, बहुतेक पायींच, भ्रमण केलें. उपास काढिले, थंडीच्या दिवसांत उघड्यावर रात्री काढिल्या. त्या दोघांस ताब्यांत घेणारी एकहि संस्था त्या वाटेवर नव्हती. पुढें दुष्काळांतील मुली रमाबाईंच्या दारीं आल्या तेव्हां त्यांचें दुःख त्यांस कोणी समजावून सांगावें लागलें नाहीं.

१८७८ सालीं दोघें कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथील पंडितांनीं रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० सालीं भाऊ वारला. त्याच सालीं त्यांनीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं नोंदणी पद्धतीनें विवाह केला. जात निराळी, प्रांत निराळा, भाषा निराळी. १८८१ च्या एप्रिलांत मुलगी झाली, तिचें नांव मनोरमा ठेविलें. १८८२ च्या फेब्रुवारींत कॉलऱ्यानें बिपिनबाबू गेले. मूल वर्षाचेंहि झालें नव्हतें.

त्याच सालीं रमाबाई पुण्यास आल्या. त्यांनीं आर्य महिला समाज काढिला, हंटर कमिशनपुढें साक्ष देऊन स्त्रियांसाठीं स्त्री-डॉक्टरांची आवश्यकता प्रतिपादन केली, आणि मराठींत 'स्त्रीधर्मनीति' हें पुस्तक लिहिलें. त्या पुस्तकाच्या विक्रीची रक्कम पुढें प्रवासाच्या कामीं आली. १८८३ सालीं त्या मनोरमेस घेऊन इंग्लंडांत गेल्या, वॉन्टेज येथील भगिनी-मंडळाच्या आश्रयास राहिल्या, आणि त्याच वर्षीं सप्टेंबर महिन्यांत मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. या गोष्टीनें महाराष्ट्रांत केवढें वादळ उठलें तें सांगण्याचें हें स्थळ नव्हे. आमच्या विषयाशीं जें निगडित आहे तें निराळेंच आहे, व तें फारसें कोणी सांगत नाहीं.

रमाबाई चेल्टनहॅम येथील मुलींच्या कॉलेजांत शिकण्यास व संस्कृत शिकविण्यास गेल्या. तेथें डोरोथिया बील या नामांकित मुख्याध्यापिका होत्या. तान्ही म्हणावी एवढी मनोरमा वॉन्टेजच्या भगिनींपाशीं राहूं लागली. त्या भगिनी प्रेमळ होत्या, मुलीस त्यांनीं जपलें, यांत शंका नाहीं. परंतु मुलीस काय शिकवावें, कोणत्या प्रार्थना म्हणावयास लावाव्यात, तिनें पुढें कोण व्हावें, यासंबंधानें आई व भगिनी यांच्यांत तीव्र मतभेद झाले. त्यांचा पत्रव्यवहार पुढें प्रसिद्ध झाला आहे, आणि तो वाचतांना मन अस्वस्थ होतें. खर्च करणाऱ्यांस वाटे कीं मुलीच्या कल्याणाचा अधिकार आपला. आई म्हणे कीं उपकार मान्य, पण मूल माझें. तिच्या मनावर काय बिंबावें तें मी ठरवीन. रमाबाईंचा विशेष आग्रह असा होता कीं मनोरमेनें इंग्रज मुलगी होऊं नये, आपण हिंदुस्थानची लेक आहों हें सांगण्याची तिला लाज वाटूं नये. रमाबाई स्वतः इंग्लंडांत शाकाहारीच राहिल्या, यावरूनहि हा आग्रह किती खोल होता तें दिसतें. परदेशीं वाढणाऱ्या मुलास आपल्या मूळच्या देशाची ओळख राहिली पाहिजे, असें आज जें सर्वत्र मानलें जातें, तें या एकाकी आईनें भगिनीमंडळाच्या वरिष्ठांस सव्वाशेंहून अधिक वर्षांपूर्वीं ठणकावून कळविलें होतें. दोन्ही बाजूंस प्रेम होतें म्हणूनच हा वाद इतका कठीण झाला.

१८८६ च्या मार्चांत डॉ. आनंदीबाई जोशी यांस फिलाडेल्फिया येथें वैद्यकीची पदवी मिळाली. त्या रमाबाईंच्या नात्यांतील होत. त्या समारंभासाठीं म्हणून रमाबाई अमेरिकेस गेल्या आणि दोन-अडीच वर्षें राहिल्या. गांवोगांव व्याख्यानें दिलीं. उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांच्या स्थितीवर १८८७ सालीं इंग्रजींत पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत बॉस्टन शहरीं रमाबाई असोसिएशन स्थापन झालें. बालविधवांसाठीं शाळा काढावी, तिचा खर्च दहा वर्षें असोसिएशननें करावा, आणि शाळेंत कोणत्याहि धर्माचा उपदेश करूं नये, असें ठरलें. पैसे देणारी मंडळी निरनिराळ्या पंथांची होती. ज्या मुलींसाठीं तीं पैसे देत होतीं त्यांचीं तोंडें त्यांनीं पाहिलीं नव्हतीं, आणि बहुतेकांनीं पुढेंहि कधीं पाहिलीं नाहींत. दूरदेशचें कुटुंब आणि येथील मूल यांच्यामध्यें केवळ विश्वास आणि कागद असावयाचा, तशीच ही रचना होती.

आतां आपण पुन्हां चौपाटीवर येऊं. शारदा सदनांत प्रथम दाखल झालेली विधवा म्हणजे देवरुखची गोदूबाई जोशी. तिचे बंधु नरहरपंत हे धोंडो केशव कर्वे यांचे स्नेही, व दोघेहि त्या काळीं मुंबईंतच होते. नरहरपंतांनीं बहिणीस स्वतः आणून सदनांत ठेविलें. हीच गोदूबाई पुढें १८९३ सालीं अण्णासाहेब कर्व्यांची पत्नी आनंदीबाई, म्हणजे सर्वांची बाया झाली. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. सदनांत येणारी मुलगी वाऱ्यावर सोडलेली नसे. तिला बाप, भाऊ, सासरा असा कोणी तरी पालक असे, आणि त्याच्या संमतीनेंच ती येई. संस्थेनें पालकास वचन दिलें होतें कीं मुलीच्या आचारधर्मांत आम्ही हात घालणार नाहीं. न्यायमूर्ति रानडे, डॉ. भांडारकर, न्यायमूर्ति तेलंग यांसारखीं माणसें सल्लागार होतीं. लोकांनीं मुली पाठविल्या त्या बहुतांशीं या नांवांवर.

मुंबईंत सदन दीड-पावणेदोन वर्षें होतें. त्या अवधींत, १८८९ च्या डिसेंबरांत, मुंबईस राष्ट्रीय सभा भरली तेव्हां प्रतिनिधि म्हणून ज्या थोड्या स्त्रिया बसल्या त्यांत रमाबाई होत्या. त्याच प्रसंगीं सामाजिक परिषदेंत त्यांनीं विधवांच्या केशवपनाविरुद्ध भाषण केलें. शहरांतील खर्च झेंपेना म्हणून १८९० च्या नोव्हेंबरांत सदन पुण्यास गेलें.

पुण्यांत तीन वर्षांत वादाचा भडका उडाला. रमाबाई आपल्या खोलींत प्रार्थना करीत, दार उघडें असे, आणि कांहीं मुली आपण होऊन येऊन बसत. त्यांस हाकलावयाचें कीं बसूं द्यावयाचें? रमाबाईंचें म्हणणें, मी बोलावीत नाहीं व घालवीतहि नाहीं. केसरीनें टीकेची झोड उठविली. १८९३ सालीं रानडे-भांडारकर प्रभृति सल्लागारांनीं संबंध सोडला, आणि वीसांहून अधिक मुलींस त्यांच्या पालकांनीं घरीं नेलें. बॉस्टनहून असोसिएशनच्या कार्यकारी मंडळाच्या प्रमुख मिसेस अँड्र्यूज चौकशीसाठीं पुण्यास आल्या, आणि त्यांनीं रमाबाईंच्या बाजूनें निर्णय दिला. पुढें सदनांतील कांहीं मुलींनीं बाप्तिस्माहि घेतला.

या प्रकरणीं आमचें मत स्पष्ट आहे. रमाबाईंची सचोटी निर्विवाद होती. त्यांनीं कोणावर बळजबरी केली असें त्यांच्या कट्ट्या विरोधकांसहि सिद्ध करतां आलें नाहीं. तथापि, सल्लागारांनीं जें केलें तेंहि केवळ भित्रेपणानें केलें असें आम्ही मानीत नाहीं. लहान मुलीच्या दृष्टीनें जेवूं घालणारी, शिकविणारी, डोक्यावरून हात फिरविणारी बाईच सर्व कांहीं असते. तिच्या उघड्या दाराची ओढ ही साधी ओढ नव्हे. मुलीनें आपण होऊन केलें या शब्दांचा अर्थ अशा ठिकाणीं फार जपून करावा लागतो. आणि ज्या मुली घरीं परत नेल्या गेल्या त्यांतील कितीजणींस पुन्हां पाटीपुस्तक दिसलें, हें विचारणारें त्या गदारोळांत कोणी राहिलें नाहीं.

१८९६ सालीं मध्यप्रांतांत भयंकर दुष्काळ पडला. रमाबाईंस आपले लहानपणचे दिवस आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या. दुष्काळी कामांवर व अन्नछत्रांत त्यांनीं जें पाहिलें त्यांत उपासमारीपेक्षांहि एक गोष्ट त्यांस अधिक भीषण वाटली. अनाथ मुलींस गोळा करून विकण्यासाठीं नेणारे स्त्रीपुरुष तेथें उघड हिंडत होते. मायेचें सोंग घेऊन, कोणी मावशी म्हणवून, कोणी आत्या म्हणवून. दीड तपानंतर आलेल्या या दुष्काळांत पोरकी मुलगी कोणाच्या हातीं पडेल हें अजूनहि दैवावरच होतें. बॉस्टनचा पैसा उच्चवर्णीय विधवांच्या शाळेसाठीं बांधलेला. या मुलींसाठीं एक पैहि कोणी देऊं केलेली नव्हती. तरी रमाबाईंनीं सुमारें तीनशें मुली व तरुण स्त्रिया आणिल्या. पुण्यांत प्लेगची भीति, म्हणून सरकारी अधिकाऱ्यांनीं त्यांस शहरांत ठेवण्याची मनाई केली. पुण्यापासून सुमारें चौतीस मैलांवर केडगांव येथें रमाबाईंनीं पूर्वींच शेतजमीन घेऊन ठेविली होती. तेथें झोंपड्या व छपरें उभारून त्या मुलींस ठेविलें. हेंच मुक्ति सदन. १९०० च्या सुमारास गुजराथच्या दुष्काळांतून आणखी मुली आल्या आणि एकंदर संख्या एकोणीसशेंच्या घरांत गेली.

एवढ्या मुलींचें काय केलें असेल? प्रथम न्हाऊ घालणें, खरूज व उवा घालविणें, पोटभर परंतु जपून अन्न देणें, कारण उपाशी पोटास एकदम दिलेलें अन्नहि घातक ठरतें. कित्येकींस आपलें गांवहि सांगतां येत नसे. मग शाळा, आणि शाळेबरोबर विणकाम, शेती, दुभत्या गुरांची निगा, तेलाची घाणी, छापखाना. आंधळ्या मुलींसाठीं निराळी सोय झाली. मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकून आल्या होत्या, त्यांनीं ती या मुलींस शिकविली. आयाबायांसाठीं, म्हाताऱ्यांसाठीं, फसलेल्या स्त्रियांसाठीं निरनिराळीं सदनें निघालीं. अमेरिकेंतील व इंग्लंडांतील लोक आतां बॉस्टनच्या अटींशिवायहि पैसा पाठवूं लागले. मनोरमा व इतर कांहीं मुली शिक्षणासाठीं अमेरिकेसहि जाऊन आल्या. परंतु मुली परदेशांतील घरांस देऊन टाकण्याचा मार्ग रमाबाईंनीं धरिला नाहीं. मनोरमेचा अनुभव त्यास कारण होता कीं काय, हा तर्क वाचकांवर सोंपवितों.

त्या दुष्काळांत मुलें उचलणाऱ्या रमाबाई एकट्या नव्हत्या. निरनिराळ्या मिशनांनीं हजारों अनाथ मुलें घेतलीं. तेव्हां पंजाबांत लाला लजपतराय यांनीं हिंदु मुलांस हिंदु अनाथालयांत नेण्याची मोठी चळवळ केली आणि १९०१ च्या दुष्काळ आयोगापुढें यासंबंधीं साक्ष दिली. मुलाचे नातेवाईक शोधावे, ते न मिळाल्यास त्याच्या समाजांतील लोकांस आधीं विचारावें, आणि मगच तें इतरांच्या स्वाधीन करावें, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. आपल्या महाराष्ट्रांत तर हा विचार त्यापूर्वींच कृतींत आला होता. महात्मा जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८६३ सालीं पुण्यांत बालहत्याप्रतिबंधक गृह काढिलें, आणि एका विधवेच्या मुलास, यशवंतास, १८७४ सालीं आपला पुत्र केलें. गिरगांवच्या प्रार्थना समाजाशीं संबंधित मंडळींनीं पंढरपुरास १८७५ सालीं बालकाश्रम चालू केला.

येथें थोडें विषयांतर करून आजची रीत सांगतों, कारण रमाबाईंस काय मिळालें नाहीं तें त्यावरूनच कळेल. जुन्या हिंदु रीतीप्रमाणें दत्तक घ्यावयाचा तो बहुधा मुलगाच, तोहि पिंडदानासाठीं व इस्टेटीसाठीं; मुलीस दत्तक घेण्याची मोकळीक कायद्यानें १९५६ सालीं दिली. पालक व पाल्य यांचा कायदा १८९० चा, म्हणजे सदन चौपाटीवर असतांनाच झालेला. त्याखालीं पालकत्व मिळे, आईबापपण मिळत नसे. याच कायद्याचा आधार घेऊन परदेशी कुटुंबें येथील मुलें नेत, आणि त्यांत कांहीं ठिकाणीं पैशाचे व्यवहार शिरले. लक्ष्मीकांत पांडे नांवाच्या वकिलांनीं सर्वोच्च न्यायालयास एक पत्र लिहिलें. तेंच याचिका मानून न्यायमूर्ति भगवती यांनीं १९८४ च्या फेब्रुवारींत विस्तृत निर्णय दिला, आणि परदेशी दत्तकाचे नियम प्रथम घालून दिले. १९९० सालीं केंद्रीय संस्था, जिला सर्व लोक कारा म्हणतात, ती निघाली. हेग येथें १९९३ सालीं झालेल्या आंतरराष्ट्रीय करारास भारतानें २००३ सालीं मान्यता दिली, आणि २०१५ चा बाल न्याय कायदा आज या सर्वांचा पाया आहे.

या रीतीनें प्रथम मुलाची बाजू पुरी करितात. टाकून दिलेलें मूल सांपडल्यास बालकल्याण समिति त्याच्या आईबापांचा शोध करविते. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठीं दोन महिने व त्याहून मोठ्यासाठीं चार महिने अशी मुदत आहे. आईनें स्वतः मूल समितीच्या स्वाधीन केलें असेल तर तिला विचार बदलण्यास दोन महिने देतात. त्यानंतरच मूल दत्तकास मोकळें असल्याचें समिति जाहीर करिते. मग संस्था त्याची माहिती लिहिते: मूल कसें आलें, कसें वागतें, काय खातें, प्रकृति कशी आहे. दुसरीकडे कुटुंबाची तपासणी समाजसेवक घरीं जाऊन करितात. या दोन बाजू पुऱ्या झाल्या म्हणजे क्रमवारीनें मुलाची माहिती व छायाचित्र कुटुंबास पाठवितात. यासच त्या कामांतील मंडळी रेफरल म्हणतात. दुकानांतील वस्तूप्रमाणें रांगेंतून मूल निवडावयाचें नसतें. कुटुंबानें ठराविक मुदतींत होकार अगर नकार कळवावयाचा. डॉक्टरास कागद दाखवून विचारण्याची मोकळीक असते. मूल आधीं देशांतील कुटुंबांस दाखवावयाचें, त्यांत घर न मिळाल्यासच परदेशी कुटुंबाकडे वळावयाचें, हा दंडक आहे. म्हणून परदेशीं जाणाऱ्यांत वयानें मोठीं, आजारी अगर अपंग, किंवा एकत्र राहूं पाहणारीं भावंडें पुष्कळ असतात. परदेशी कुटुंब आपल्या देशांतील मान्य संस्थेमार्फतच येऊं शकतें. त्यानें होकार दिल्यावर कारा ना-हरकत दाखला देते, पुढें दत्तकाचा हुकूम होतो (हा हुकूम पूर्वीं न्यायालय देई, २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात), मुलाचा पासपोर्ट निघतो, आणि आईबाप स्वतः येऊन त्यास नेतात. दोन वर्षेंपर्यंत त्याच्या प्रगतीचे अहवाल यावे लागतात. मोठेपणीं आपलें मूळ शोधण्याचा त्यास अधिकार आहे, मात्र जन्मदात्या आईचें नांव तिच्या इच्छेविरुद्ध उघड होत नाहीं.

वाट पाहणाऱ्या आईबापांस हे महिने फार जड जातात, आणि त्यांचा त्रागा आम्हांस समजतो. तथापि नदीकांठीं एका सकाळीं उरकलेला तो व्यवहार, आणि दुष्काळी कामावर आत्या म्हणवून हिंडणारी ती बाई, हीं दोन चित्रें समोर ठेविलीं असतां या दिरंगाईकडे आम्ही थोड्या निराळ्या नजरेनें पाहतों.

रमाबाईंचीं पुढील वर्षें केडगांवींच गेलीं. त्यांची श्रवणशक्ति पूर्वींपासूनच कमी होती, ती आणखी मंदावली. त्यांनीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर हातीं घेतलें, खेड्यांतील बायकांस कळावें म्हणून. हें काम अनेक वर्षें चाललें. छापखान्यांत खिळे जुळविणाऱ्या बहुतेक मुक्तींतल्याच स्त्रिया होत्या. त्यांतील कित्येक दुष्काळांतून आलेल्या. १९१९ सालीं सरकारनें रमाबाईंस कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिलें.

मनोरमाबाई मुंबई विश्वविद्यालयाच्या पदवीधर झाल्या, शारदा सदनाच्या मुख्याध्यापिका झाल्या, आणि निजामाच्या मुलुखांत गुलबर्गा येथें त्यांनीं मुलींची शाळा काढिली. वॉन्टेजच्या त्या लहान मुलीसंबंधीं आईनें जी इच्छा धरिली होती ती अशा रीतीनें पुरी झाली. ती इंग्रज बाई झाली नाहीं. संस्था तिच्याच हातीं सोंपवावी असा आईचा बेत होता. परंतु २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमाबाई वारल्या. वय अवघें चाळीस. रमाबाईंनीं भाषांतराचें काम तसेंच पुढें रेटलें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांव येथें त्यांनीं देह ठेविला. भाषांतर संपूर्ण ग्रंथरूपानें १९२४ सालीं बाहेर पडलें. भारत सरकारनें १९८९ सालीं, म्हणजे चौपाटीवरील त्या लहानशा शाळेस शंभर वर्षें झालीं त्या वर्षीं, रमाबाईंच्या नांवें टपालाचें तिकीट काढिलें. केडगांवच्या आवारांत निराधार स्त्रिया व मुलें यांचें काम त्यांच्यामागेंहि चालू राहिलें आहे.